काठीवरचं केळवण

बिंदुमाधवरावांच्या घरातून उपाशी परत गेलेला माणूस बेंगळुरातल्या येलहंकेत अजून सापडायचा आहे. वीजमीटर बघायला येणारा मुलगा आमच्या गल्लीची सुरुवात दुसऱ्या टोकापासून करतो, कारण यांच्या घरी पोचल्यावर पुढचं काम होत नाही हे त्याला ठाऊक आहे. एकदा पत्ता चुकून एक कुरियरवाला आला. "सार, तुमचं नाही हे, चुकून आलो," म्हणाला. "चुकून आलास ना? मग बस. उप्पीट बरोबर झालंय," असं म्हणून यांनी त्याला बसवलं. दुसऱ्या दिवशी तो परत पत्ता चुकला.

त्यांचं घराणं बेंगळुरात कधी आलं हे विचारलं की ते "शहाजीराजांच्या वेळी" असं सांगतात, आणि असं सांगतात की जणू परवाच सामान उतरवलं. एवढ्या काळात त्यांच्या मराठीत पुष्कळ कन्नड मुरलं. त्यातला 'स्वल्प' हा शब्द सगळ्यात घातक. "स्वल्प वाढतो हं" असं म्हणून ते जे वाढतात त्यात आमच्या घरी दोघं जेवतात.

आग्रह करणं ही त्यांची विद्या. डाव पाठीमागे धरून ते पंगतीत नुसते फिरायला आल्यासारखे येतात. तुमच्या मुलाची चौकशी करतात. तुम्ही उत्तर द्यायला मान वर केली की खाली जिलबी पडलेली असते. कुणी ताटावर आडवा हात धरला तर शांतपणे म्हणतात, "असू दे हात, मी हातावर वाढतो." आणि तूप खरंच हातावर पडतं. मग माणूस हात काढतो.

अशा माणसाच्या आयुष्यात लॉकडाऊन आला.

सगळं जगच दार लावून बसलं होतं. टीव्हीवर इटलीतले लोक आपापल्या गॅलरीत उभे राहून गाताना दाखवत होते. आम्हा सगळ्यांना भरून आलं. बिंदुमाधवराव मात्र म्हणाले, "गाताहेत छान, पण जेवायला कोण येतं यांच्याकडे?" स्पेनमध्ये कुणी कुत्र्याला फिरवायचं निमित्त करून बाहेर पडत होतं, ते पाहून त्यांनी विचारलं, "माणसाला जेवायला बोलवायचं निमित्त चालतं का तिथे?" आपल्याकडे ते चालत नव्हतं. फवारणी करायला आलेल्या माणसाला त्यांनी फाटकावरून इडली दाखवली, तर तो चंद्रावर उतरलेल्या माणसासारखा सगळा झाकलेला. तोंड कुठे आहे तेच कळेना. बिंदुमाधवराव खचून आत गेले. त्यातच गल्लीच्या टोकाला एक रुग्ण निघाला, बांबू आडवे आले आणि गल्ली बंद झाली.

पण खरी पंचाईत पुढेच होती. त्यांची भाची आश्लेषा. बहीण लवकर गेली, तेव्हा या पोरीचं सगळं कॉलेज मामाच्या घरी झालं. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला एका उंच इमारतीत एकटी राहून घरूनच ऑफिसचं काम करत होती. तिचं लग्न मेमध्ये ठरलेलं. कार्यालय रद्द झालं, पण मुहूर्त कुणी सोडेना. शुक्रवारी महादेवपुऱ्यात नवऱ्यामुलाच्या, प्रणीतच्या घरीच मोजक्या माणसांत लग्न लावायचं ठरलं. मामा वयानं साठीच्या पुढे आणि बांबूच्या आत. त्यांनी ते लग्न फोनवर बघायचं.

"लग्न फोनवर बघतो," बिंदुमाधवराव पत्नीला, कावेरीबाईंना म्हणाले. दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीपलीकडे मला स्पष्ट ऐकू येत होतं. "पण केळवण? मामाच्या घरी जेवल्याशिवाय आमच्यातली एकही मुलगी बोहल्यावर चढलेली नाही. आईविना पोर, तिला केळवण कोण करणार?"

त्यांनी स्पीकरवर आश्लेषाला फोन लावला.

"मामा, एवढं काय मनाला लावून घेता? मी इथे तुमच्या नावानं दोन बिस्किटं खाते."

यावर पलीकडे खुर्ची करकरली. मग कावेरीबाईंचा आवाज आला, "अगं आशू, बिस्किट म्हणालीस का तू यांना? थांब, पाणी देते."

त्या रात्री बिंदुमाधवराव स्वतःच नीट जेवले नाहीत. एवढी वाईट अवस्था आम्ही कधी पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी आश्लेषाचाच फोन आला. तिच्या समोरच्या फ्लॅटमध्ये शिवकुमार नावाचा एक मुलगा राहायचा. आतापर्यंत त्यांची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्याइतकी. त्या सकाळी समोरच्या दारातून आवाज आला, "अरे शिवकुमार, सकाळधरनं त्या डब्यासंगट काय बोलालास? आंघोळ तरी कर की!" डबा म्हणजे लॅपटॉप. ही शिवकुमारची आई, कस्तुराबाई. निपाणीहून चार दिवसांसाठी मुलाकडे आल्या आणि अडकल्या. आश्लेषानं दार उघडून मराठीत "काकू" अशी हाक मारली तर बाई रडायच्याच बाकी राहिल्या. केळवणाचं ऐकल्यावर म्हणाल्या, "एवढंच न्हवं? मामाला लाव फोन."

मग दोन मोठ्या माणसांचं बोलणं झालं.

"अण्णा, पुरणपोळी करते मी. माझ्या हातचं चालंल न्हवं?"

"अक्का, चालेल काय विचारता! पण वाढायचं कसं? सहा फूट लांब राहायला सांगितलंय."

"मधी स्टूल ठेवते. त्यावर ठेवून मागं सरते, पोरगी उचलून घेईल."

"नको नको," बिंदुमाधवराव कळवळून म्हणाले. "पाहुण्यानं आपल्या हातानं घ्यायचं, हे केळवण नव्हे अक्का, हे कँटीन झालं. वाढायला हवं. आग्रह हवा."

"आग्रह?" पलीकडचा आवाज बदलला. "अण्णा, आमच्या निपाणीकडं एकदा येऊन बघा. पाहुणा भिंतीला धरून उठतो."

बिंदुमाधवरावांचा चेहरा लॉकडाऊन लागल्यापासून पहिल्यांदा उजळला.

सहा फुटांचा प्रश्न शिवकुमारनं सोडवला. शनिवार-रविवार डोंगर चढणाऱ्यांपैकी तो. त्याच्याकडे ट्रेकिंगच्या काठ्यांची जोडी होती, ओढली की लांब होणारी, आणि सध्या तिला कुठलाच डोंगर नव्हता. ती साबणानं घासून त्यानं एकीच्या टोकाला डाव घट्ट बांधला. पोळ्यांसाठी दुसऱ्या काठीला उलथनं.

बुधवारी दुपारी मांडामांड झाली. आपल्या दारात पाटावर आश्लेषा, समोर केळीच्या पानाऐवजी ताट, भोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी. समोरच्या दारात पदरानं तोंड बांधून, काठ्या सरसावून कस्तुराबाई. आणि आश्लेषाशेजारी तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये बिंदुमाधवराव, धुतलेलं धोतर नेसून. कावेरीबाईंनीही पुरण घातलं होतं, कारण ज्या दिवशी भाची जेवणार त्या दिवशी मामाच्या घरात पुरण नाही, असं कसं होईल? पण मामांचं ताट तसंच झाकलेलं. यजमान पाहुण्याआधी जेवत नाही.

सुरुवात सुरेख झाली. काठी सरसर लांबून येई, डाव ताटावर हळूच कलंडे, आमटी वाटीत. बिंदुमाधवराव नुसते "वा! वा अक्का!" करत होते. पहिली पोळी संपली. आश्लेषानं ताटातला शेवटचा तुकडा उचलला, आणि नेमक्या त्याच क्षणी येलहंकेच्या फोनवरचं चित्र थिजलं.

चित्र थिजलं, आवाज चालू राहिला. आणि बिंदुमाधवरावांना हे कळलं नाही. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की भाचीच्या पुढ्यात रिकामं ताट आहे.

"अक्का, ताट रिकामं आहे हो!"

कस्तुराबाईंनी पोळी टाकली.

"अक्का, रिकामंच दिसतंय. स्वल्प वाढा की."

हे कस्तुराबाईंना झोंबलं. निपाणीची इभ्रत होती. "स्वल्प कशाला हो अण्णा?" म्हणत त्यांनी दोन पोळ्या एकदम पाठवल्या.

"मामा, अहो..." आश्लेषाच्या तोंडात घास होता, पुढचं ऐकूच गेलं नाही.

"बघा, पोरगी मागतेय! आणि ताट अजून रिकामंच!"

"मागालीस न्हवं गं? घे!" इकडून तूप निघालं. आश्लेषानं ताटावर आडवा हात धरला.

"काकू, पुरे, खरंच पुरे!"

"हात धरला का तिनं?" फोनमधून आवाज आला. "अक्का, हातावर वाढा!"

आणि काठीवरून तूप हातावर पडलं.

शिवकुमार भिंतीला टेकून इतका हसत होता की दुसरी काठी त्याच्या हातातून निसटली. आश्लेषानं तुपाच्या हातानंच फोन उचलला आणि डोळ्यांजवळ धरला. येलहंकेत चित्र एकदम जिवंत झालं. आधी एक तुपकट डोळा दिसला, मग फोन खाली वळला आणि ताट दिसलं. ताट कसलं, पोळ्यांची चळतच ती.

बिंदुमाधवराव दचकले. "अरे देवा! हे कोणी वाढलं?"

"तुम्हीच!" दोन्ही बायका एकदम ओरडल्या.

हसू ओसरल्यावर आश्लेषा फोनकडे बघत म्हणाली, "मामा, मी जेवले. पोटभर जेवले. आईनं वाढलं असतं तरी इतकं नसतं वाढलं." मग तिची नजर मामांच्या मागे गेली. "तुमचं ताट झाकलेलं का आहे?"

"मी मग बसतो गं. वाढणाऱ्यानं शेवटी."

"मामी, तुम्ही मामांना कधी आग्रह करून वाढलंत?"

"मी?" कावेरीबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आल्यापासून डाव यांच्याच हातात. मला मिळाला कधी?"

फोनमध्ये कस्तुराबाईंचं पदरानं बांधलेलं तोंड आलं. "वहिनी, घ्या डाव. अण्णा, बसा पाटावर."

"अक्का, मी आपला नंतर स्वल्प..."

"बसा म्हणाले न्हवं?"

बिंदुमाधवराव बसले. त्यांच्या बसण्यातच सवय नसल्याचं दिसत होतं. कावेरीबाईंनी पहिली पोळी वाढली, दुसरी वाढली. तिसरीला बिंदुमाधवरावांनी नको म्हणून मान हलवली, तर कावेरीबाईंनी फोनवर शिवकुमारच्या नोकरीची चौकशी सुरू केली, मामांनी उत्तराकडे लक्ष द्यायला मान वर केली आणि खाली चौथी पडली. इतकी वर्षं बाजूला उभं राहून पाहिलेलं वाया गेलं नव्हतं. शेवटी बिंदुमाधवरावांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"कावेरी, सरी! सरी गं, आता पुरे!"

"वहिनी," बेळ्ळंदूरहून हुकूम आला, "हातावर वाढा."

भिंतीपलीकडे आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. बिंदुमाधवराव हातावरचं तूप बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. डोळे पुसायला गेले, तर तूप डोळ्यांना लागलं.

शुक्रवारी लग्न लागलं. अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, कुणीतरी फोन नवरीसमोर धरला. चित्र चांगलं हलतंय ना, हे बिंदुमाधवरावांनी आधी नीट बघून घेतलं. नव्या नवरीशी मामानं काय बोलावं? आशीर्वाद द्यायचा होता, बहिणीची आठवण काढायची होती, सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण मुंडावळ्यांतला तो चेहरा समोर आला आणि त्यांना एवढंच सुचलं.

"आशू, जेवलीस?"

आश्लेषानं प्रणीतकडे पाहिलं आणि हसू आवरत म्हणाली, "मामा, बुधवारचंच अजून उतरतंय."