बाबांची शतपावली आणि ओद्रापलीकडचं अंगण

कविता लिहिणाऱ्या बाईला गूढाची ओढ असणारच, असं लोक गृहीत धरतात. मला ती कधीच नव्हती. संधिप्रकाश, सावल्या, चाहूल हे सगळं माझ्या वहीत येतं, पण दिवा लावला की खोलीत फक्त खुर्च्या असतात, यावर माझा पक्का विश्वास. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाचं उत्तरही मनाशी देऊन टाकते — थकवा, ताप, योगायोग. पुढे जे लिहिते आहे त्याला ही तिन्ही उत्तरं मी लावून पाहिली... एकही बसलं नाही.

आम्ही सिंगापूरला क्वीन्सटाउनमध्ये राहतो, एका जुन्या एचडीबी, म्हणजे सरकारी गृहयोजनेच्या, इमारतीत. माझा नवरा सुधीर जुरोंग आयलंडवर इंजिनिअर आहे. मी एका विमा कंपनीच्या ट्रेनिंग विभागात. आई गेल्यावर माझे बाबा अमरावतीहून आमच्याकडे आले. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो.

रात्रीचं जेवण आम्ही लवकर करतो, आणि जेवण झालं की बाबांची शतपावली. तिच्यासाठी आमच्या इमारतीइतकी चांगली जागा नाही. सगळ्या घरांसमोरून जाणारा लांब कॉरिडॉर, एका हाताला शेजाऱ्यांची दारं आणि कुंड्या, दुसऱ्या हाताला कठडा. कठड्यावर हात ठेवून बाबा एकटे जाऊन येत. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरून लसणाच्या फोडणीचा वास वर येई, आणि कॉरिडॉरच्या टोकाला राहणाऱ्या मिसेस टॅन यांच्या दारातल्या उदबत्त्यांचा. त्या वासावरून बाबांना वळायची जागा कळे.

गेल्या वर्षी त्या शतपावलीत काहीतरी शिरलं. चालता चालता बाबा बोलू लागले.

"हा पूल आला. ट्राम चालली पाहा, पायाखाली थरथरते." मग थोडं पुढे जाऊन, "इथं वारा फार लागते. शाल दे."

सिंगापूरच्या त्या ओलसर उकाड्यात ते शाल गुंडाळून घेत. पुढे त्यांना पावाचा वास येई. मग हिरव्या फरशीची कमान, आत अंधार आणि ओल, आणि पलीकडे अंगण. अंगणात दोन खांबांवर आडवी लोखंडी दांडी, "पोरं लोंबकळतात तिला." शाळेतला सिंगल बार आठवत असेल, असं आम्ही समजलो.

"आणि मग, बाबा?"

"मग दार. तेच तर सापडत नाही ना."

दार शोधताना त्यांचा हात पडे तो मिसेस टॅन यांच्या दारावर. त्या सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. पहिल्यांदा त्या मोठ्याने हसल्या आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "अंकल, धिस वन माय हाउस लाह! युअर हाउस दॅट साइड. टी वॉन्ट ऑर नॉट?" पण मग हे रोजचंच झालं. बाबा परत फिरेनात. दाराशी उभं राहून रडू लागले. पोचल्याशिवाय झोपायचं कसं, असं विचारत, आणि अंथरुणावर नेऊन निजवलं तरी उठून पुन्हा कॉरिडॉरमध्ये जात. एकदा मिसेस टॅन यांच्या उंबऱ्याला अडखळून पडले आणि मनगट मोडलं.

डॉक्टर म्हणाले, या वयात विस्मरणाबरोबर असं होतं. चालत राहायची ओढ लागते. सुधीर एक दिवस माझ्यासमोर येऊन बसला. "अगं, आपण दोघंही दिवसभर बाहेर. आज मनगट गेलं. उद्या जिन्यावरून गेले तर?" त्याचं चुकत नव्हतं. तोआ पायोहजवळच्या एका वृद्धसेवा केंद्रात जागा होणार होती. आम्ही जाऊन पाहून आलो. स्वच्छ होतं, माणसं प्रेमळ होती, दारांना कुलपं होती. परदेशातलं काम आटोपून आले की उत्तर कळवते, असं मी त्यांना सांगितलं.

ते काम होतं पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात. आमच्या कंपनीची नवी टीम तिथे बसली होती. तिला शिकवायला दोन आठवडे जायचं होतं. बाबांना फक्त "कामासाठी युरोपात जाते" एवढंच सांगितलं. गावाचं नाव मलाच नीट उच्चारता येत नव्हतं.

ऑक्टोबर होता. इतकी वर्षं विषुववृत्ताजवळ काढलेल्या माझ्या नाकाला तिथली थंडी आधी वासासारखी जाणवली. ओली पानं, कोळशाचा पुसट धूर, कुठेतरी परतला जाणारा कांदा. ओद्रा नदी शहराला अनेक बोटांनी धरून आहे. दर थोड्या वेळाने पाणी समोर येतं. शनिवारी सुट्टी होती. टीममधली मागदा म्हणाली, "गल्ल्यांमधून ब्रॉन्झचे छोटे बुटके उभे केले आहेत, ते शोध. मोजायला जाऊ नकोस, वेड लागेल." मी नकाशा न घेता निघाले. चौकातली रंगीत घरं, दगडी फरसबंदीवर घासणारे बूट, दाराशी बसून झोपलेला एक चिमुकला बुटका... कितीतरी दिवसांनी मन हलकं झालं होतं.

जेवून नदीवरच्या पुलावर आले तेव्हा दुपार होती, म्हणजे सिंगापूरला जेवणं उरकण्याची वेळ. सुधीरला पाणी दाखवावं म्हणून व्हिडिओ कॉल लावला. तेवढ्यात शेजारून ट्राम गेली आणि पूल थरथरला.

"पुलावर आली का?" बाबांचा आवाज. ते सुधीरच्या शेजारी, कॉरिडॉरमध्ये होते.

"हो बाबा, पुलावर आहे. ट्राम—"

"ऐकली ना. चल आता, काहून थांबली? पलीकडे उतर."

सुधीर हसला. "जा, जा. आज शतपावलीला सोबत कर त्यांना." त्यांच्या समाधानासाठी म्हणून मी निघाले. पुलाच्या मध्यावर वाऱ्याने गळपट्टा उडवला. तिकडे बाबांनी शाल मागितली.

पलीकडची वस्ती जुनी. पोपडे उडालेल्या उंच इमारती, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या. "उजवीकडे वळ," बाबा म्हणाले. मी वळले. "पावाचा वास येते?"

येत होता. गरम, किंचित आंबूस, राय नावाच्या धान्याच्या पावाचा. बेकरी अजून दिसतही नव्हती.

"सुधीर," मी म्हणाले, "फोनचा पडदा त्यांच्याकडे आहे का?"

"अगं, फोन माझ्या हातात आहे. आणि असता त्यांच्याकडे, तरी त्यांना काय दिसणार आहे?" त्याचं हसू थांबलं होतं.

"आता कमान," बाबा म्हणाले.

बेकरीनंतरच्या इमारतीत खरोखर कमान होती. तिच्या दोन्ही अंगांना हिरव्या झिलईच्या फरशा, बऱ्याचशा फुटलेल्या. तिला दोन झडपांचं लाकडी दार होतं. मी उजवी झडप ढकलली. हलली नाही.

"ती नाही. डावी ढकल."

मी काहीच बोलले नव्हते. डावी झडप उघडली. आत अंधार होता, ओल्या विटांचा गार वास होता, आणि माझ्या बुटांचा आवाज दोन्ही भिंतींवरून परत येत होता. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. लहानपणी गर्दीत बाबांचं बोट धरल्यावर वाटायचं, तसंच वाटत होतं.

बाहेर पडले ती चौकोनी अंगणात. मधोमध अक्रोडाचं झाड, पिवळं झालेलं. त्याखाली दोन खांबांवर एक आडवी लोखंडी दांडी. गालिचे टाकून झोडपायची दांडी असते ती, जुन्या इमारतींच्या प्रत्येक अंगणात, असं मागदाने मला नंतर सांगितलं. एक मुलगी तिला गुडघ्यांनी धरून उलटी लोंबकळत होती.

मी अंगणभर नजर फिरवली.

"दार दिसते का, मीनू?" बाबांचा आवाज कापत होता.

अक्रोडामागे एक दार होतं. दोन पायऱ्या, तपकिरी रंग. "दिसतंय, बाबा."

"जा मग. चपला काढ."

आपलं शरीर किती मुकाट्याने आज्ञा पाळतं! परक्या देशातल्या, परक्या माणसाच्या अंगणात, ओल्या दगडांवर मी बूट काढले आणि पायमोज्यांवर उभी राहिले.

"बाई हसंन," बाबा म्हणाले. "हसू दे."

आणि दार उघडलं. एप्रन बांधलेली, माझ्याच वयाची बाई. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि डोकं मागे टाकून खळखळून हसली. पोलिशमध्ये काहीतरी म्हणत आत गेली, आणि लोकरीचे जाड सपाट जोडे घेऊन बाहेर आली. पाहुण्यांसाठी असे जोडे तिथे घरोघरी ठेवलेले असतात. मी ते घातले. तिने हाताने खूण केली — या. मी उंबरा ओलांडला. आत उकळत्या सुपाचा वास होता, खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर पडलं होतं, आणि घड्याळाची टिकटिक.

"पोचले, बाबा," मी म्हणाले.

पलीकडून फक्त श्वास ऐकू आला, खूप मोठा, सोडून दिलेला. मग बाबा सुधीरला म्हणाले, "चला, झालं. मला निजू द्या आता."

त्या बाईला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिने मला सूप दिलं. फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने मी विचारलं, या घरात कधी कुणी भारतीय राहिलं होतं का? तिने मान हलवली. नाही. तीन पिढ्या त्यांचंच कुटुंब तिथे राहतं. पुन्हा ती हसली आणि माझ्या वाडग्यात आणखी सूप घातलं.

त्या रात्री बाबा सकाळपर्यंत उठले नाहीत. पुढच्याही नाही. मी परतले तेव्हा मिसेस टॅन लिफ्टपाशीच भेटल्या. "युअर फादर ओके ऑरेडी, आह? नेव्हर नॉक वन. आय मिस हिम लेह." तोआ पायोहच्या केंद्राला मी नकार कळवला. बाबा अजूनही जेवण झालं की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जातात, वळतात, आणि गुणगुणत परत येतात. पुलाचं नाव नाही, शालीचं नाव नाही.

सुधीरने इंजिनिअरच्या चिकाटीने कारणं शोधली. बाबांनी कुठे काही ऐकलं असेल का? ते रेडिओवर फक्त कीर्तन आणि क्रिकेट ऐकतात. नातेवाइकांपैकी एकाने आठवण करून दिली की युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहत होती. पण बाबा अमरावतीचे. कोल्हापूरला गेले ते एकदाच, लग्नानंतर अंबाबाईच्या दर्शनाला. आणि समजा कुणी त्यांना ते अंगण वर्णन करून सांगितलंही असेल, तरी त्या दुपारी ती बाई हसणार, हे कुणी सांगितलं होतं?

उत्तर शोधायची घाई आता उरलेली नाही. परवा बाबांच्या पायांना तेल लावताना मात्र राहवलं नाही. विचारलं, "बाबा, ते घर कोणाचं होतं हो?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं कुतूहल आलं.

"मला काय माहीत, बापा? मी तर अंगणापर्यंतच येत होतो. आत तू गेली. तूच सांग, कोण होतं घरात?"