पायावर पाणी

आमच्या मलकापुरातल्या शेजारच्या काकांची हयात बैलबाजारात गेली. त्यामुळं साधी बादली घेतानाही ते आधी तिच्याभोवती एक फेरी मारत. मी वार्ताहर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, पाटण-कडेगाव हिंडताना बातमी जागेवरच लिहावी म्हणून एक जुना लॅपटॉप घ्यायला सांगलीला निघालो, तर काकाही बरोबर आले.

दुकानदारानं दोन लॅपटॉप पुढं ठेवले. एक चकचकीत, दुसऱ्याच्या कळांवरची अक्षरं पुसत आलेली. काकांनी टेबलाभोवती फेरी मारली, बैलाचे दात बघावेत तशी झाकणं उघडून बघितली आणि पुसट अक्षरांवर बोट ठेवलं.

"ह्यो घे गड्या. खांद्याला घट्टा हाय, म्हंजी जुवाला सरावलाय."

"आणि तो चकचकीत?"

"लय सजवलाय त्येला. सजवून आणल्यालं जनावर मी कवा घेतलं न्हाई."

मी त्यांचं ऐकलं. घरी आलो तर काकांनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि तांब्याभर पाणी मागवलं. नवा बैल दारात आला की त्याच्या पायावर पाणी घालतात.

मला हसू आवरेना. "अहो काका, ह्याला पाय कुठं आहेत?"

"त्येला न्हाईत," माझ्या पायावर तांब्या रिकामा करत ते म्हणाले, "चालायचंय तुलाच."