शंभरातले बारा

उचगावातल्या बायका अमीरबीला वचकून असत. ती स्वतः कुणाला घाबरल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. बांगड्यांची पेटी घेऊन चाळीस वर्षं ती लग्नघरं फिरली. नवरीनं हात आखडला की “सैल सोड, तोडून न्हेत न्हाय मी,” म्हणून दटावायची आणि बघता बघता चुडा भरून मोकळी व्हायची. सासू आठ वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं हिनंच केलं. नवरा गौस लेथवर काम करून थकला, त्याच्या छातीत कळ आली, बायपास करायची ठरली, तेव्हाही कागदावर सही करताना तिचा हात हलला नाही.

ती हलली ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळी. गौसला आयसीयूतून वॉर्डात न्यायचं होतं. ही आनंदाचीच बातमी म्हणून ती पुढं झाली, तर डॉक्टर अमरसिंहांनी तिला बाजूला घेतलं. पेशंटचं वय, साखर, किडनी, तो किती तास व्हेंटिलेटरवर होता, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं की अशा शंभर माणसांपैकी किती जण परत आयसीयूत येतात ते कळतं, असं त्यांनी सांगितलं. गौसचा आकडा बारा आला होता. आयसीयूत फार दिवस ठेवणंही धोक्याचं, म्हणून वॉर्डात नेऊ; पण खाट सिस्टरांच्या टेबलासमोरचीच देऊ, असंही ते म्हणाले.

“मग आमचं ह्ये त्या बारातलं हायत, का बाकीच्यातलं?” अमीरबीनं विचारलं.

“ते कॉम्प्युटरला सांगता येत नाही, मावशी. मलाही नाही.”

दुसऱ्या कुणाला बारा हा आकडा लहान वाटला असता. अमीरबीच्या लेखी बारा म्हणजे डझन. जन्मभर डझनानं बांगड्या मोजलेली बाई ती. डझन केवढा असतो हे तिला सांगावं लागत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर गडमुडशिंगीचा कृष्णात होता. पंचेचाळिशीचा, हृदयाची झडप बदललेला, त्याच दिवशी वॉर्डात आलेला. त्याची बायको तेजस्वी परीक्षेचा निकाल सांगावा तशी म्हणाली, “आमचं तीनच आलंय, चाची.” अमीरबीनं मान हलवली, पण तिला त्या पोरीचा हेवा वाटला.

अमीरबीनं दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाही. गौसची पापणी हलली तरी ती उठून उभी राहायची. शेवटी पूर्णिमा सिस्टरनं तिला एक काम लावून दिलं. घड्याळाकडं बघून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजायचे. वीसपर्यंत ठीक, पंचवीसच्या वर गेले तर हाक मारायची. अमीरबी मोजू लागली. अठरा. एकोणीस. अठरा. मध्येच आकडा चुकला की तिला घाम फुटायचा आणि ती पहिल्यापासून धरायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजस्वी जेवायला खाली गेली. गौसचा डोळा लागला होता. अमीरबी मोजत होती, आणि मोजता मोजता आकडा एकोणतीसवर गेला. तिची पाचावर धारण बसली. तिनं गौसच्या पोटावर हात ठेवून पुन्हा मोजलं. अठराच. मग हा भराभर चाललेला श्वास कुणाचा? तो पडद्यापलीकडून येत होता.

ती लगेच उठली नाही. ते बारा दुसऱ्याच्या दारात गेले, आपलं दार सुटलं, असं तिच्या मनात आलं आणि तेवढ्यापुरता तिच्या जिवात जीव आला. मग स्वतःचीच भीती वाटून तिनं पडदा ओढला. कृष्णातचे डोळे उघडे होते, कपाळावर घाम, ओठ जांभळट. “पावणं, काय हुतंय?” तिनं विचारलं. त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

ती टेबलाकडं धावली. “सिस्टर, एकोणतीस हायत. आमच्यांचं न्हवं, शेजारच्या पावण्यांचं.”

सकाळी तर त्यांचं सगळं ठीक होतं, असं म्हणतच पूर्णिमा आली. तिनं बीपी बघितलं आणि तिथूनच डॉक्टरांना हाक मारली. माणसं धावली, खाट ढकलत नेली. खाटेच्या जागी नुसती फरशी राहिली आणि तिच्यावर कृष्णातच्या चपला.

तेजस्वी परतली ती त्या चपलांकडं बघतच राहिली. अमीरबीनंच तिला सांगितलं. “पण आमचं तीनच हुतं की,” एवढंच ती म्हणाली, आणि जिथं उभी होती तिथंच खाली बसली.

कृष्णातच्या हृदयाभोवती रक्त साचलं होतं. छाती पुन्हा उघडावी लागली. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर संध्याकाळी म्हणाले. सहा दिवसांनी तो वॉर्डात आला. गौसला परत आयसीयूत जावंच लागलं नाही. दहाव्या दिवशी त्याला घरी सोडलं. निघताना अमीरबीनं आताचा आकडा विचारला. हा हिशेब दवाखान्यापुरताच असतो, घरी आकडा नसतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं तिला धीर आला नाही, उलट होता तोही गेला.

दोन महिन्यांनी तेजस्वीनं फार आग्रह केला म्हणून ती गडमुडशिंगीला गेली. सोप्यात दोघी चहा घेत बसल्या. तेजस्वी पुन्हा पुन्हा तिचे उपकार बोलून दाखवू लागली, तेव्हा अमीरबीनं कप खाली ठेवला.

“त्या दुपारी मी लगीच उठलो न्हाय. आमचं वाचलं, असं आलं मनात. मग उठलो.”

तेजस्वीनंही आपला कप खाली ठेवला.

“तुमचं बारा ऐकून मलाबी बरं वाटलंतं, चाची,” ती म्हणाली.

आत कृष्णात खोकला. दोघी बोलायच्या थांबल्या आणि कान देऊन बसल्या.