मुशीचे दात

माझा नवरा पुण्याचा आणि कडक शाकाहारी. मी कोकणातली. लग्नाआधीच ठरलं होतं की मासे तळायचे ते बाल्कनीत, वेगळ्या तव्यात, दार लावून. शारजाच्या उन्हात! त्याच माणसाने एके दिवशी शार्कचा दात आणून देव्हाऱ्याखालच्या फळीवर मांडला, तेव्हा माझी तव्यावरची पोळी करपली.

सुरुवात आमच्या आठ वर्षांच्या लेकीने केली. दिवाळीचा किल्ला करायला तिने शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरून बादलीभर वाळू आणली. तिथे इमारत होणार होती, म्हणून ट्रकवाल्यांनी आतल्या डोंगरांकडची खडी-वाळू आणून ओतली होती. किल्ल्यावर मावळे मांडताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. काळपट, तिकोनी, चकचकीत. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका भूगर्भवाल्याने भिंगातून बघून सांगितलं की हा शार्कचा दात आहे, लाखो वर्षांत दगड झालेला.

झालं! माझी पिठाची चाळणी गेली ती गेलीच. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी डोक्याला ओला पंचा गुंडाळून बाप पुढे आणि लेक मागे. एरवी हा दुबईहून ट्रॅफिकमध्ये कुथत घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असायची. आठवडाभर दोघांची भेट म्हणजे फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. शुक्रवारी मात्र दोघं ढिगावर उकिडवी बसून तासन् तास बडबडायची, तो मराठीत, ती इंग्रजीत.

आणखी चार-पाच दात सापडले, तसे इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक ते बघायला येऊ लागले. एका काकांनी एक उजेडात धरून अंगठीत घालायचा सल्ला दिला, शनीला चालतो म्हणे. दुसरे म्हणाले, "आमच्या पुण्यात याहून मोठे निघतात." पुण्यात समुद्र कधी होता, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मी नवऱ्याला विचारलं, "देवाजवळ मासा चालतो का रे?" त्यावर मला व्याख्यान मिळालं, "अगं, तो आता मासा नाही, दगड आहे. दगडाला कसलं सोवळं-ओवळं?" माझा बांगडा बिचारा ताजा होता, हाच त्याचा गुन्हा.

पुढे प्लॉटवर पाया खणला गेला आणि कोपऱ्यात जेमतेम एक ढिगारा उरला. तीन शुक्रवार काही सापडलं नाही. चौथ्या शुक्रवारी लेक टीव्हीसमोरून हललीच नाही. "बाबा, इट्स सो बोरिंग. यू गो." नवरा चाळणी हातात घेऊन दारात तसाच उभा राहिला. एवढा मोठा इंजिनिअर, पण आता मुलीशी बोलायचं काय, हे त्याला सुचेना.

मी मासळीबाजार गाठला. मुशी म्हणजे आमच्या कोकणातला छोटा शार्कच. "हबीबी, डोकं फेकू नकोस, तेही दे," म्हणून सगळं घरी आणलं. सवयीने आधी हळद-मीठ चोळलं आणि मग आठवलं की आपल्याला दात हवेत! चहाच्या चोथ्यात उकळून ते जमतील तेवढे काळे केले आणि गुरुवारी संध्याकाळी ढिगाऱ्यात पेरून आले.

शुक्रवारी लेकीला मीच ओढत नेलं. दहा मिनिटांत तिची किंकाळी! नवऱ्याने दात नाकाशी नेला, बराच वेळ निरखला आणि गंभीरपणे म्हणाला, "दुर्मीळ प्रकार दिसतोय. पिवळसर झाक आहे." मला हसू दाबता दाबता ठसका लागला. तो ढिगारा उचलला जाईपर्यंत दुर्मीळ प्रकार दर आठवड्याला सापडत राहिला आणि मी मनातल्या मनात नवऱ्याच्या अकलेची कीव करत राहिले.

लेक कॉलेजसाठी भारतात गेली, तेव्हा तिची खोली आवरताना दातांचा डबा निघाला. प्रत्येक दात कापसात आणि खाली नवऱ्याच्या अक्षरात चिठ्ठी. आधीच्यांवर "शार्क, जीवाश्म". नंतरच्या सगळ्यांवर "मुशी, ताजी. हळद लावलेली."

मी डबा घेऊन तशीच बाहेर आले. "कळलं होतं तर बोलला का नाहीस?"

त्याने पेपर खाली केला नाही. "बोललो असतो तर तू आणायची थांबली असतीस."