अकरा मुद्दे आणि आमचे घरमालक

कुठल्याही विषयावर आमच्या घरमालकांचं मत विचारा. ते समोरच्याच्या विरुद्धच असणार. कसबा बावड्यात त्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहते, म्हणजे दोन वर्षं विरोधी पक्षाच्या डोक्यावर झोपते. काका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. उसाच्या गाडीकडे बघावं तितक्याच संशयानं ते प्रत्येक वाक्याकडे बघतात. दूधवाला सहज "आज लई उकडतंय" म्हणाला, तर काल जास्त उकडत होतं हे सिद्ध करून मगच त्याला सोडतात; तोवर किटलीतलं दूध फाटलेलं असतं. एकदा बिद्रीचे एक पाहुणे कंटाळून "तुमचंच खरं" म्हणाले. काका भडकले. "एवढ्यात कसं पटलं, पावणं? बसा खाली!" आणि पाहुण्यांची मूळची बाजू स्वतः घेऊन त्यांना पुन्हा हरवलं.

अशा माणसाच्या हातात मी आमच्या संघटनेचं पत्रक दिलं. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, ही रानटी रीत बंद करा, एवढंच आमचं म्हणणं. मुद्दे अकरा, सगळे बिनतोड, मीच लिहिलेत. काका म्हणाले, "रीत लोकांनी केली, लोकच मोडतील. तू कोण टिकोजीराव?" मग रोज एक मुद्दा, रोज चहा, रोज माझा घसा बसलेला. शेजारीच त्यांच्या थोरल्या भावाचं घर. तिथल्या वहिनी आमचा आरडाओरडा ऐकत मुकाट्यानं मेथी निवडायच्या.

श्रावणात तो भाऊच गेला. बायकांनी वहिनींना अंगणात आणलं, एकीनं मनगट धरलं. अकराही मुद्दे माझ्या तोंडाशी आले आणि तिथंच अडकले. वहिनी फक्त म्हणाल्या, "भावजी, बांगड्या नका फोडू देऊ."

काका पुढं झाले. "सोडा त्यांचा हात."

"आरं, पण रीत हाय की!" म्हातारी आत्या ओरडली.

"आसू दे की. त्या नको म्हणत्यात न्हवं?"

संपलं. काकांच्या आयुष्यातला सगळ्यात छोटा वाद.

तेराव्यानंतर माझ्यानं राहवलं नाही. "म्हणजे पत्रक पटलं तर, काका!"

"न्हाय. मुद्दे समदे कच्चे हायत."

"मग अडवलंत कशाला?"

"तुला जिंकायचं हुतं, पोरी. त्यांना बांगड्या पायजे हुत्या."

संताप आला मला. मग लाज वाटली. दोन वर्षं त्या दारावरून येत-जात होते. वहिनींना काय वाटतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारते. त्या बोलतात, मी लिहून घेते, बांगड्या वाजत असतात.

काका मात्र भाऊ गेल्यापासून हळूहळू गप्प होत गेलेत. काहीही वाचून दाखवलं तरी "बरं हाय" म्हणतात. परवा मी मुद्दाम एक धादांत चुकीचा मुद्दा वाचला. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "आसंल की."

मी तोच मुद्दा पुन्हा वाचला, जरा मोठ्यानं.