टायपिंगच्या कागदावरचं कुरण

उदगीरच्या मोंढ्यात माणिकप्पांचं धान्याचं दुकान होतं. बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली, मोंढ्यात पोती येईनाशी झाली आणि माणिकप्पा दुकानाच्या ओट्यावर नुसते बसून राहू लागले. थोरल्या दोन मुली सासरी होत्या. धाकटी रुद्राणी मॅट्रिक होऊन घरात होती आणि त्या वर्षी लग्नाचं नाव कुणाच्याच घरात निघत नव्हतं. एक दिवस माणिकप्पाच म्हणाले, "टायपिंग शीक. सरकारी कचेरीत आता बायका बी लागून राहिल्यात."

टायपिंगचा क्लास किल्ल्याच्या वाटेवर, एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर होता. रेवणसिद्ध मास्तरांकडे यंत्रं तीन, पण सरावाचं पुस्तक एकच, आणि ते कायम मुलांच्या हातात. मास्तरांनी रद्दीतल्या जुन्या इंग्रजी क्रमिक पुस्तकातलं एक पान काढून रुद्राणीच्या यंत्रासमोर टाचलं. ती कविता होती. कवीच्या नावाचा कोपरा उंदरानं खाल्लेला.

"ओळी आखूड हाईत, यंत्राचं कॅरेज ओढायचा सराव व्हईल," मास्तर म्हणाले.

"पण मास्तर, याचा अर्थ काय?"

"अर्थाचं काय करतीस? बोटं चालव."

तिनं बोटं चालवली. रोज एक तास, तीच कविता. दोन महिन्यांत ती बोटांना इतकी पाठ झाली की कागदाकडे बघायची गरज उरली नाही. मग मात्र तिला राहवेना. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या उमादेवीबाईंकडे ती कविता घेऊन गेली. बाईंनी चष्मा लावला, पान दोनदा वाचलं.

"दीडशे वर्षांपूर्वी तिकडं असे बरेच कवी होते," बाई म्हणाल्या. "झाडं, डोंगर, पाणी बघून हरखून जायचे. यातला माणूस कितीतरी महिने आजारी होता. बरा होऊन पहाटे बाहेर पडतो. कुरणावर दव पडलंय, ओढा दगडांवरून वाहतोय, कुंपणाला फुलं आलीत. तो म्हणतो, एवढं मी डोळे भरून बघून घेतलंय. आता कुणी मला परत त्या खोलीत कोंडलं तरी हे माझ्याजवळून जायचं नाही."

रुद्राणीला हसू आलं आणि थोडा रागही आला. गावाबाहेरचा ओढा दिवाळीआधीच आटला होता. घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, ती घशाखाली उतरत नव्हती. दव पडायला आधी गवत पाहिजे! त्या माणसाचं बरं चाललं होतं, असं तिला वाटलं.

पण आता अर्थ कळला होता, त्यामुळे दवाचा शब्द टाइप करताना बोट अडखळायचं आणि क्लासला जाताना डोळे उगाच इकडंतिकडं शोधायचे. असंच एकदा किल्ल्याच्या खंदकाजवळ ती थबकली. उजाड मुरमावर तरवड फुलला होता. गुरं तरवडाला तोंड लावत नाहीत म्हणून तेवढाच शिल्लक राहिलेला. लहानपणापासून त्या वाटेनं ती हजारदा गेली असेल. फुलांचा पिवळा रंग इतका लखलखीत आहे हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. दोन मधमाशा फुलांत शिरत होत्या. एवढ्या दुष्काळात ह्या कुठून आल्या, याचं तिला नवल वाटलं. क्लासला दहा मिनिटं उशीर झाला आणि मास्तर रागावले.

घरी तिनं आईला, नीलम्मांना, सांगितलं.

"तरवड तो. त्याच्यात काय बघायचं?"

"काही न्हाई, अव्वा. बघितलं."

परीक्षेचं केंद्र नांदेडला होतं. माणिकप्पा सोबत आले. उतारा कापसाच्या व्यापारावरचा आणि सोपा होता. रुद्राणीचा वेळेआधीच संपला. अशा वेळी तोच उतारा पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचा असतो, हे तिला माहीत होतं. पण तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि बोटं आपल्या सवयीनं चालत राहिली. कागद गोळा करणाऱ्या बाई तिच्याजवळ थांबल्या.

"कापसाच्या खाली हा ओढा कुठून आला गं?"

रुद्राणीनं कागद पाहिला. नापास होणार, हे निकालाआधीच कळलं.

बाहेर येऊन तिनं अप्पांना खरं ते सांगितलं. माणिकप्पा रागावले नाहीत. बसला अवकाश होता, म्हणून दोघं गोदावरीच्या घाटावर जाऊन बसले. नदीची धार एका बाजूला सरकलेली, बाकी वाळूच वाळू. पण धारेच्या कडेला हिरवं लव्हाळं होतं आणि एक बगळा त्यात एकेक पाय उचलून चालत होता. वर्षभरात वाहतं पाणी दोघांनीही पाहिलं नव्हतं.

"काय हाय त्या कवितेत?" माणिकप्पांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. कानडीत, मराठीत, जसं जमेल तसं.

"एवढंच?"

"हाव, एवढंच."

बस निघायची वेळ झाली तरी माणिकप्पा पाण्याकडे बघत होते. शेवटी तिनंच त्यांना उठवलं.

परत गेल्यावर मास्तरांनी कवितेचं पान काढून स्वतःच्या खिशात घातलं आणि मुलांच्या हातातलं पुस्तक तिला दिलं. सहा महिन्यांनी ती पास झाली, वर्षभरात नांदेडला सरकारी कचेरीत लागली. लग्नाचं एकदोनदा जमत आलं आणि मोडलं. पुढं तिनंच तो विषय बंद केला. माणिकप्पा एकोणऐंशीत गेले. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा नवा झाला, उदगीर त्यात आलं, तेव्हा एकट्या पडलेल्या अव्वाच्या जिल्ह्यात तरी असावं म्हणून रुद्राणीनं लातूरला बदली मागून घेतली.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीला जागाही धड नव्हती. टायपिस्टला मिळाली ती पूर्वीची गोदामाची खोली, खिडकी नसलेली. तिथं बल्बखाली बसून रुद्राणीनं तीन महिने गावांच्या याद्या टाइप केल्या. तालुका, गाव, जुना जिल्हा, नवा जिल्हा. डोकं बधिर व्हायचं. आणि अशातच, कुठल्यातरी गावाच्या नावावर, काही कारण नसताना तो खंदक समोर यायचा, तरवड, मधमाशा, कधी बगळा. बोलावलेलं नसताना यायचं आणि दोन-चार ओळी टाइप होईपर्यंत राहायचं.

"बाई, एकट्याच का हसून राहिल्या?" पाणी घेऊन आलेल्या कोंडाबाईनं विचारलं. ती औशाकडच्या खेड्यातली, कचेरीत झाडलोट करायची.

रुद्राणीला आधी संकोच वाटला. मग तिनं सांगून टाकलं. कविता, तरवड, परीक्षेत नापास झाले तेही. कोंडाबाई हसेल असं तिला वाटलं होतं. कोंडाबाई तांब्या खाली ठेवून भिंतीला टेकली.

"बहात्तरच्या दुष्काळात आमी रोडवर खडी फोडत होतो," ती म्हणाली. "समोरच्या माळावर पळस फुलला. पान एक न्हाई, नुस्ता लाल. हातोडा खाली ठिवून मी बघतच ऱ्हायले. पन कुनाला बोलले न्हाई. लोक म्हनले असते, पोटात दाना न्हाई अन् हिला फुलं सुचून राहिली. लई लाज वाटली हुती, बाई."

"मग?"

"मग काय! रोज बघायची. चोरून."

रुद्राणीनं यंत्रावरचे हात काढले आणि शेजारची खुर्ची पुढं ओढली. कोंडाबाई कचेरीत खुर्चीवर कधी बसत नसे. त्या दिवशी बसली. गोदामाच्या कोऱ्या भिंतीकडे हात करून ती दाखवू लागली. इथं खडीचा ढीग, तिथं मुकादमाची छत्री, आणि त्याच्या पल्याड, जरा चढावर, झाड.