रुईचा चीक

मारुतीला हार करायचा म्हणून शेजारच्या कमलताई रुईची पानं खुडत होत्या. देठातून पांढरा चीक त्यांच्या बोटांवर ओघळला.

"पायात काटा रुतला की आई हाच लावायची," त्या म्हणाल्या. "काटा अलगद वर यायचा."

मग त्यांचा हात थांबला.

"माझ्या पाठच्या बहिणीला सुईणीने हाच चाटवला. आमच्या घरातली तिसरी मुलगी."

"आई काहीच बोलली नाही?"

"चीक आईनेच आणून दिला होता."

मी झुडपाकडे बघत राहिले. चीक तोच, काढून काय टाकायचं ते माणसं ठरवतात. त्यांना काटा सलतो, तशी मुलगीही सलते.

कमलताईंनी हात धुतले, पुन्हा धुतले.

"बारशाआधीच गेली हो. आठवण काढायची, तर हाक कुठल्या नावाने मारू?"